बाजूस झालेली बाई

"ठेव दगडावर. आनि माघारी हो." मोठी बाई दाराआडून म्हणाली.

मी बुक दगडावर ठेवलं. माघारी झाले. घरात पाणी भरणारी सखू ढिवरीण तांब्या घेऊन पुढे आली. मोठ्या बाईंची सोन्याची अंगठी बुडवून आणलेलं पाणी. आंब्याच्या पानानं तिनं ते बुकावर शिंपडलं, उलटून पुन्हा शिंपडलं. उरलेलं पाणी मी बसले होते त्या जागेवर ओतलं. मग बुक फडक्यात धरून आत नेलं.

वाचणाऱ्या माझ्या आवाजावर कोणी पाणी शिंपडलं नाही. आवाज तर केव्हाच आत गेलेला. ओसरीसारख्या सपरीतून माजघरात, माजघरातून पार देवघरापर्यंत. त्याचा विटाळ नव्हता. हात तेवढे बाटलेले.

रोज असंच. मी बारा-तेरा वर्षांची असेन.

केशोरीच्या अलीकडचं गाव. गाव मालगुजाराचं, तलाव मालगुजाराचा, तलावाखालचं धान मालगुजाराचं. तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. बांधताना मातीची पाळ टिकेना, पाणी थांबेना, तेव्हा घरातली एक सून पाळीत जिवंत पुरली आणि मग पाणी थांबलं, असं गावात सगळे सांगायचे. खरं की खोटं कोण जाणे. पण मालगुजाराच्या घरची बाई दरवर्षी पाळीवर जाऊन त्या सुनेची ओटी भरायची. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. नाव विचारलं तर कोणालाच माहीत नाही. सून. एवढंच.

आम्ही महार. आमचा मोहल्ला गावाच्या खालच्या अंगाला. माझा बाप सालेकशाकडे रेल्वेच्या लाइनीवर गँगमध्ये होता. तिथल्या शाळेत मला वऱ्हांड्यात बसू द्यायचे. आतला फळा दारातून अर्धाच दिसायचा. त्या अर्ध्या फळ्यावर मी चौथीपर्यंत शिकले. मग तापानं बाप गेला, आणि माय मला घेऊन गावी आली. मालगुजाराचं आंगण झाडायचं, गोठा काढायचा, रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत उतरायचं. मी तिच्या मागे.

मोठ्या बाई म्हणजे मालगुजाराची बायको. तिचा धाकटा मुलगा नागपुराला शिकायला होता, तो तिकडेच वारला. मागे राहिली त्याची बायको. सगळे तिला धाकली म्हणायचे. वय वीसही नसेल. एक दिवस ती नवऱ्याच्या पेटीतले कपडे उन्हात घालत होती, आणि कपड्यांत एक जाडं बुक निघालं. कव्हर गेलेलं, पानं पिवळी. ती ते उलटंसुलटं करून बघत होती. मी आंगणात शेणाची टोपली घेऊन उभी. पहिल्या पानावरची अक्षरं चांगली ठसठशीत होती. मी लांबूनच मोठ्यानं वाचली, "स्त्रियांच्या उपयोगार्थ."

धाकलीनं मान वर केली. "तुले वाचता येते?"

माय धावत आली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. पण माझ्याकडून वाचून घेऊ का, असं विचारायला धाकली सासूकडे गेली. सासरी आल्यापासून तिनं काही मागितलं असेल तर ते पहिल्यांदाच. मालगुजाराला वाचता यायचं, पण तो कोर्टाचे कागद वाचायचा. विधवा सुनेपुढे गोष्टी वाचत बसणं त्याच्या इभ्रतीत बसत नव्हतं. मोठी बाई विचार करून म्हणाली, "पोथी असती त महाराच्या पोरीले हात लावू देला असता का? गोष्टीचं बुक हाये. वाचू दे. दिवसभर भिंतीकडे पाहून राहते, त्यापेक्षा बरं."

असं माझं वाचन सुरू झालं. सपरीत दाराआड त्या दोघी. खाली आंगणात, वळचणीखाली, दगडाजवळ मी.

बुक जुनं होतं. माझ्या आजीच्या बाळपणी छापलेलं असेल. पुण्यातल्या एका बामणाच्या घरची गोष्ट. द्वारका नावाची मुलगी, लहानपणी विधवा झालेली. तिला लिहावंवाचावंसं वाटतं. सासू वही चुलीत घालते. ती कोळशानं भिंतीवर अक्षरं काढते. सासू भिंत सारवून टाकते. द्वारका पुन्हा काढते. एके ठिकाणी ती आरशापुढे उभी राहून म्हणते, "मी कोणाची तरी कन्या झालें, कोणाची तरी भार्या झालें, आतां कोणाचें तरी ओझें. याहून निराळी मी म्हणून कोणी आहें कीं नाहीं?"

हे वाचलं. दाराआडून धाकलीचा आवाज आला. "मंग?"

हा तिचा शब्द. मी श्वास घ्यायला थांबले की मंग? पान उलटायला लागले की मंग? तिला धीर नव्हता. द्वारकेचं काय झालं ते कळल्याशिवाय आपलं काय होणार ते कळणार नाही, असं तिला वाटत होतं. मला हे तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. मलाही तसंच वाटत होतं. गोठा काढताना, गोवऱ्या थापताना मी मनात द्वारका असायचे. मोठी बाई ओरडली की ती मला द्वारकेची सासू वाटायची, आणि सहन व्हायचं.

मग एक दिवस ते वाक्य आलं.

द्वारका पहाटे उठते आणि अंगणात येते. आकाश बघते, पाखरं बघते, तिच्या मनात काय काय येतं ते दीड पान. त्या दीड पानात मध्येच एक ओळ. "अंगणांत कोणी एक हलक्या जातीची बाई सडा घालीत होती, ती लगबगीनें बाजूस झाली."

माझ्याच तोंडून हे वाचलं गेलं. मी थांबले.

"थांबली काऊन?" मोठी बाई म्हणाली. "वाच."

मी पुढे वाचलं. द्वारकेला आकाश कसं दिसलं ते वाचलं. पण माझं लक्ष त्या बाईकडे. ती बाजूस झाली. म्हणजे कुठं गेली? तिचा सडा अर्धा राहिला असेल. तिला किती पोरं होती? तिला रात्री झोप लागायची का? आरसा तर तिच्याकडे नसेलच. मला वाटलं, पुढे येईल. शेणाच्या हातांनी कुठेतरी परत येईल, काहीतरी बोलेल. द्वारकेला पाणी देईल, निदान शिवी देईल. मी पानामागून पान तिला शोधत वाचायला लागले. ती नाही आली. लिहिणाऱ्यानं तिला एका ओळीत आणलं, एका ओळीत घालवलं. नाव ठेवायचेही कष्ट घेतले नाहीत.

त्या दिवसापासून मला द्वारका होता येईना. डोळे मिटले की मी आंगणात असायचे आणि कोणीतरी येतंय म्हणून बाजूला होत असायचे. आमच्या मोहल्ल्याच्या वाटेवर संध्याकाळी मला ती दिसायची. पदर डोक्यावरून ओढलेला, तोंड नाही. खरंच दिसायची. मी मायला सांगितलं. माय म्हणाली, "तलावाच्या पारीवरची सून असन. तिकडे पाहू नको." मी म्हटलं, ती नाही, बुकातली बाई आहे. तिनं माझ्या कपाळाला अंगारा लावला.

पावसाळा लागला तसं बुक वाळायला ऊन मिळेनासं झालं. पण शिंपडणं चुकलं नाही. दगड वळचणीखाली, वरून पागोळ्या, खाली ओल. बुक टेकायचं ते शेवटच्या पानांवर. सखू पुसायची ते वरवर. आत गेलेलं पाणी कोण पुसणार?

याच दिवसांत धाकलीचा भाऊ गोरेगावाकडून आला. बहिणीला माहेरी न्यायला. मालगुजारानं त्याला बाहेरच्या बाजेवर बसवलं, पान दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर, मोठी बाई पेंगत असताना, धाकली दाराजवळ सरकली. हळू बोलली.

"आमच्या माहेरी रांडलेल्या बाईचा पाट लागते. माह्या बहिनीचा लागला, दोन लेकरं हायेत तिले. याहीच्याबी घरी लागत होता. मालगुजारी आली अन् पाट गेला."

मी पान बोटात धरून ऐकत होते.

"भाऊ म्हने, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहाटं तलावाच्या पारीपाशी गाडी उभी ठेवतो. यायचं का नाही ते तुह्यावर." तिनं मागं मोठ्या बाईकडे पाहिलं. "द्वारकी जाते का वो? तू पुढचं पाहिलं असन."

"नाही पाहिलं बाई. तुमच्यासंगच वाचून राहिली ना मी."

बुक आतच असायचं. मला ते फक्त वाचण्यापुरतं मिळायचं. मी खरंच पाहिलं नव्हतं.

पोळा तोंडावर आला तेव्हा आम्ही शेवटाशी पोचलो. द्वारकेला बायकांच्या शाळेबद्दल कळतं. पहाटे घर झोपलेलं असताना ती लुगड्यात दोन कपडे बांधते. ओसरीवरून जाते. दाराशी येते. मी वाचत होते आणि माझा आवाज माझाच मला ऐकू येत नव्हता. "द्वारकेनें कडीस हात घातला, इतक्यांत"

पान संपलं. मी उलटायला गेले. उलटेना. पुढची सगळी पानं एकमेकांना चिकटून लगदा झालेली. काळी बुरशी. नखानं सोडवायला गेले तर कागद फाटला आणि एका पानाची अक्षरं दुसऱ्यावर निघून आली. काही म्हणजे काही लागेना.

"मंग?"

"मंग काही नाही बाई. सडली पानं."

"पाह्य ना नीट!"

"नाही वाचता येत."

दार उघडून धाकली उंबऱ्यावर आली. दिवसाउजेडी मी तिला एवढ्या जवळून पहिल्यांदा पाहिलं. ती बुकाकडे अशी बघत होती जसं त्यात तिचं माणूस अडकलं आहे. मागून मोठी बाई आली. बुक बघितलं.

"महाराच्या पोरीचा हात लागला, सडनारच. तुह्या हातानं सडलं."

मी बुक दगडावर ठेवलं. पाणी शिंपडलं गेलं. त्या लगद्यावरसुद्धा शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी मला लवकर बोलावणं आलं. धाकली अजून बाहेर आली नव्हती. मोठी बाई सपरीच्या कडेवर बसली होती. बुक आधीच दगडावर. तिनं सखूला आत पाठवलं आणि मला म्हणाली, "आयक. आज शेवट वाचायचा. मी सांगतो तसा. तिनं कडी सोडली. माघारी आली. सासूचे पाय धरले. सासूनं तिले पोटाशी घेतलं. मंग ती जन्मभर सुखानं राहिली. असं वाच."

"असं लिवलं नाही त्यात."

"लिवलं का नाही ते तुले कायले पाह्यजे? तिले वाचता येते का?" मग ती सावकाश म्हणाली, "तुही माय येथं कामाले हाये."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. भावाचं, गाडीचं, पहाटेचं, पेंगता पेंगता ऐकलेलं. धाकलीला अडवायला तिला कुलूप नको होतं. माझं तोंड हवं होतं.

धाकली आली. दाराआड बसली. सखूही येऊन कोपऱ्यात उभी राहिली. मायनं झाडू थांबवला. मी बुक उचललं. कालच्या जागेपासून सुरू केलं. "द्वारकेनें कडीस हात घातला, इतक्यांत"

"मंग?"

किती सोपं होतं. दोन वाक्यं. मायचं काम राहिलं असतं. मला वाचायला कदाचित दुसरं बुक मिळालं असतं. पण त्याच वेळी मला ती बाई आठवली. सडा घालणारी. दोन वाक्यं वाचली की मीही बाजूस झाले. लगबगीनं. मग मला शोधायला कोण येणार होतं?

मी म्हटलं, "पुढचं वाचता येत नाही. पानं सडली. मोठ्या बाईंनी सांगतलं का, द्वारकी माघारी आली असं वाच. ते ह्याच्यात नाही. काय हाये ते कोनालेच माहीत नाही."

मग माझ्या तोंडून ते निघालं, जे रात्रभर आत कुजत होतं.

"आनि माह्या हातानं नाही सडलं. तुमच्या पान्यानं सडलं."

मायनं डोक्याला हात लावला. मोठ्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यात पहिल्यांदा. दगड बोलल्यावर माणसाचं जे होईल ते झालं होतं. मग ती उठली.

"ठेव बुक दगडावर. नाक घास तेथं. आनि चालती हो."

मी बुक दगडाकडे नेलं. रोजची सवय. हात खाली गेला. आणि थांबला.

बुक माझ्या हातात होतं. हिसकायचं तर मला शिवावं लागणार होतं. एवढं मोठं घर, एवढे गडी, एवढी अंगठी, आणि त्या घरातलं एकही माणूस माझ्या हातातून कागदाचं एक पान घेऊ शकत नव्हतं. त्यांचाच नियम. इतके दिवस तो मला बांधत होता. आता त्यानं त्यांचे हात बांधले.

मी बुक छातीशी धरलं आणि चालू लागले. मागच्या वाटेनं नाही. आंगणाच्या मधून, पुढच्या फाटकाकडे.

"आडवा तिले!" मोठी बाई ओरडली. गडी धावले आणि हातभर अंतरावर उभे राहिले. एकमेकांकडे बघायला लागले. एकानं काठी आणली. काठी लांब असते, तिला विटाळ नसतो. पाठीवर बसली, खांद्यावर बसली. एक ढेकूळ कानामागे लागलं. बुक मी सोडलं नाही. फाटकाशी मी वळून पाहिलं.

धाकली उंबरा ओलांडून सपरीच्या कडेला आली होती. डोक्यावरचा पदर पडलेला. सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात तिनं विचारलं, "मंग?"

द्वारकेबद्दल नव्हतं विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं होतं.

मी बुक घट्ट धरलं आणि फाटकाबाहेर पडले.

घरी आल्यावर मायनं मला मारलं. "कायले आनलं बुक? काय खाशीन ते?" मारता मारता रडली. मग गाडगी-मडकी बांधली आणि म्हणाली, "चाल." दिवस मावळायच्या आत आम्ही गाव सोडलं. तलावाच्या पाळीवरून गेलो. पाणी काठोकाठ होतं. माय म्हणाली, पाण्याकडे पाहू नको. मी पाहिलं.

पुढचं मला गोरेगावच्या बाजारात कळलं, गावच्या एका बाईकडून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालगुजाराच्या घराचं मागचं दार उघडं होतं. कडी काढलेली. धाकली नव्हती. मालगुजाराच्या घरानं सांगितलं, तलावात गेली. प्रेत सापडलं नाही. दिवस घातले, जेवण घातलं. भावाचं घर त्याच महिन्यात बंद झालं, तो रायपूरकडे गेला म्हणतात. कोणी म्हणतं गाडीत दोघं होते. कोणी म्हणतं गाडी रिकामी गेली. मी नंतर किती जणांना विचारलं. कोणी तिला गाडीत चढताना पाहिलं नाही. पाण्यात शिरतानाही पाहिलं नाही.

पण पाळीवर आता दोन ओट्या भरतात. एक जुन्या सुनेची, एक धाकलीची. जिवंतपणी जिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या, तिला आता दरवर्षी हिरव्या बांगड्या. बाईचं नाव मात्र घेत नाहीत. मी त्या बाजारातल्या बाईला विचारलं, धाकलीचं नाव काय होतं गं? ती विचार करत राहिली. मलाही ठाऊक नव्हतं. इतके दिवस तिच्यासाठी वाचलं, आणि नाव कधी कानावर पडलं नाही.

आता मी गोंदियात असते. बिडीच्या कारखान्यात. आम्ही बायका पानं कापतो, तंबाखू भरतो, दोरा बांधतो. दुपारी एकजण वाचते, बाकीच्यांचे हात चालतात. वाचणारी मी. माझ्या वाट्याच्या बिड्या बाकीच्या वळून देतात. पेपर वाचते. इंग्रज जाणार, राज्य आपलं होणार, असं त्यात रोज येतं. शेजारची पोवारीण म्हणते, "किसका होनार राज, ये तो बाँच." मी म्हणते, ते अजून लिहिलं नाही.

ते बुक माझ्याकडे आहे. पत्र्याच्या पेटीत. शेवटाचा लगदा वाळून दगडासारखा झाला. आमच्या वस्तीवर शाळा काढायला आलेल्या एका मास्तरानं सांगितलं, वाफ दिली तर पानं सुटतील. मी नाही म्हटलं. द्वारकेचं काय झालं ते आता मला तिथं शोधायचं नाही. ज्यानं ते लिहिलं त्याला आंगणातली बाई दिसली आणि नाव विचारावंसं वाटलं नाही. त्याचा शेवट त्याच्यापाशी राहू दे.

ती अजून येते. संध्याकाळी कारखाना सुटल्यावर, रुळांच्या कडेनं घरी जाताना. डोक्यावरून पदर. कधी तिच्या हातात शेणाची टोपली असते, कधी अंगावरून पाणी निथळत असतं. कोण कोण आहे ते मला आता वेगळं करता येत नाही. बोलत नाही. फक्त माझ्याकडे बघते, आणि मला ऐकू येतं. मंग?

मंग ऐका. आता बायकांना वाचून दाखवताना जिथं कोणी एक बाई बाजूस होते, तिथं मी थांबते. पुढे वाचत नाही. द्वारका खोळंबली तर खोळंबू दे. आकाश थांबलं तर थांबू दे. आधी सगळ्यांना विचारते, ही कुठं गेली? हिचं नाव काय? नाव ठेवल्याशिवाय पान उलटत नाही.

माझ्या हातानं धरलेलं कागदाचं पान मी कोणाच्या दगडावर ठेवणार नाही. कोणी सांगितलं म्हणून न लिहिलेलं वाचणार नाही. आणि वाटेत कोणी म्हणालं, बाजूला हो, तर मी उभी आहे तिथंच उभी राहीन. ज्याला विटाळ होतो, वळसा त्यानं घालावा.